जांभा आणि क्षेत्रवही : देवगडच्या सड्यावरील भूशास्त्रीय अभ्यासाविषयी एक टिपण

भूशास्त्राच्या पदवीवर्गातील विद्यार्थी क्षेत्राभ्यासासाठी देवगडला येतात तेव्हा त्यांच्या हाती हातोडा, होकायंत्र, नकाशा आणि वही एवढी साधने असतात. यांपैकी पहिल्या तीन साधनांच्या वापराचे शिक्षण त्यांना वर्गात मिळालेले असते. वहीत काय व कोणत्या शब्दांत लिहावे याचे शिक्षण मात्र सहसा कोणी देत नाही. पाठ्यपुस्तकातील परिभाषा त्यांना मुखोद्गत असते आणि तीच वहीत उतरते. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. खडकांविषयी अधिकाराने बोलण्याची त्याची योग्यता नाही. तथापि काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे देवगड परिसरावरील स्वतंत्र प्रकल्प भाषेच्या दृष्टीने तपासून देण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि त्या निमित्ताने जांभ्याच्या अभ्यासाचा इतिहास चाळावा लागला. त्या वाचनातून असे दिसून आले की, या खडकाचे शास्त्रीय नावच मुळी स्थानिक शब्दाचे भाषांतर आहे. जे शब्द आज विद्यार्थ्याच्या वहीतून गावंढळ म्हणून खोडले जातात, त्याच जातीच्या एका शब्दावर या शास्त्रातील एक जगन्मान्य संज्ञा उभी आहे. हे येथे सप्रमाण मांडावयाचे आहे.

प्रथम त्या वह्यांविषयी. बहुतेक वह्यांत एकच चित्र होते. माथ्यावर कठीण कवच, त्याखाली सच्छिद्र जांभा, त्याखाली चिकणमातीचा थर, तळाशी असिताश्म. हे चित्र चूक नव्हते. ते पुस्तकातून आले होते व पुस्तकात ते बरोबरच आहे. परंतु देवगडात त्या थरांची जाडी काय, ते कोठे दिसतात, कोठे लुप्त होतात, याविषयी वही मौन होती. एका विद्यार्थिनीची वही मात्र निराळी होती. जामसंड्याच्या बाजूस एका विहिरीचे काम चालू असता ती दोन दिवस तेथे बसून राहिली आणि विहीर खणणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी जे जे म्हटले ते तिने त्यांच्याच शब्दांत उतरवले. वरचा तो 'कातळ'. त्याखाली ज्यातून चिरे निघतात तो 'जांभा'. मग तांबड्या-पिवळ्या ठिपक्यांची 'मऊ'. मग पांढरट, हाताला बुळबुळीत लागणारी 'शेडी'. आणि शेवटी 'काळवत्री'. शेडीपाशी आल्यावर ते म्हणाले, "बाय, शेडी लागली की पाणी खाली जाणां नाय, आडवां फुटतां."

या एका वाक्यात जलशास्त्राचे एक प्रकरण सामावले आहे. जांभा छिद्रमय असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झपाट्याने खाली उतरते. त्याखालील चिकणमातीचा थर मात्र पाणी धरून ठेवतो व पुढे जाऊ देत नाही. म्हणून सड्याच्या कडेला, जेथे हे दोन थर उतारावर उघडे पडतात, तेथे झरे फुटतात. वर सडा उन्हाळ्यात करपून जातो आणि खाली उताराच्या कुशीत वाडी, विहीर व आगर असते, या कोकणी वस्तीच्या रचनेमागे हेच कारण आहे. विद्यार्थिनीने त्या वाक्याच्या आधारे सड्याच्या कडेने चालून झऱ्यांच्या जागा नकाशावर मांडल्या, आणि त्या जवळजवळ एका पातळीवर येतात असे तिला आढळले. प्रकल्पाच्या परीक्षणात तिचे गुण कमी झाले. शेरा असा होता की, 'शेडी', 'मऊ' इत्यादी अपरिभाषित शब्द शास्त्रीय लेखनात वापरू नयेत. परीक्षक कोण होते ते सांगण्याचे प्रयोजन नाही. तो शेरा बहुतेक परीक्षकांनी दिला असता.

आता 'लॅटेराइट' या परिभाषित शब्दाचा जन्म पाहू. फ्रान्सिस बुकॅनन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सक. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्या आज्ञेवरून त्याने १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांतून प्रवास केला आणि त्याचा वृत्तांत १८०७ मध्ये लंडनहून तीन खंडांत प्रसिद्ध झाला. मलबारातील अंगाडिपुरम येथे त्याने एक विलक्षण खडक पाहिला. जमिनीत असता तो इतका मऊ की लोखंडी हत्याराने सहज कापावा; कापून उघड्यावर ठेवला की तो कठीण होतो आणि विटेपेक्षाही अधिक काळ वारा-पाऊस सोसतो. तेथील लोक त्याला काय म्हणतात याची बुकॅननने चौकशी केली व अनेक देशी बोलींत त्यास 'विटेचा दगड' या अर्थाचे नाव आहे अशी नोंद केली. त्याने दिलेले रूप 'इटिका कल्लु' असे आहे. मग त्याने 'वीट' या अर्थाचा लॅटिन शब्द 'लाटर' घेऊन त्यावरून 'लॅटेराइट' हे नाव सुचविले. हेच नाव आज ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंत चालते. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने अंगाडिपुरम येथे याचा स्मृतिस्तंभ उभारला. त्या स्तंभावर नाव बुकॅननचे आहे, आणि ते योग्यही आहे. कारण अन्य प्रवासी जे ऐकून न ऐकल्यासारखे करीत ते त्याने ऐकले व लिहून घेतले. परंतु नाव त्याने निर्माण केले नाही, भाषांतरित केले, ही गोष्ट विसरता येत नाही.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी थोडे रेंगाळावेसे वाटते. 'इटिका' हे रूप संस्कृत 'इष्टका' या शब्दाशी संबद्ध आहे हे उघड आहे, आणि मराठी 'वीट' हा शब्दही त्याच 'इष्टका'पासून प्राकृतद्वारा आला आहे. म्हणजे मराठीने त्या खडकाला वीट-दगड म्हटले असते तर ते अगदी सहज झाले असते. मराठीने तसे केले नाही. तिने 'जांभा' म्हटले. हा शब्द रंगावरून, जांभळाच्या पिकल्या फळाच्या वर्णावरून आला असावा. मल्याळममध्ये त्याला 'वेट्टुकल्लु' म्हणजे कापून काढण्याचा दगड म्हणतात. तेथे क्रियेवर भर आहे. आणि कानडीत 'जंबिट्टिगे' असा शब्द आहे, त्याच्या उत्तरार्धात 'इट्टिगे' म्हणजे वीट आहे व पूर्वार्ध आपल्या जांभ्याच्या जवळचा दिसतो. एकाच किनाऱ्यावरील तीन भाषांनी एकाच खडकाकडे तीन अंगांनी पाहिले : रंग, कापण्याची सुलभता, बांधकामातील उपयोग. या तिन्ही बाबी खडकाच्या घटनेवरच अवलंबून आहेत. जांभ्याचा वर्ण त्यातील लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो, तो मऊ कापला जातो तो ओलाव्यामुळे, आणि उघड्यावर कठीण होतो तो पाणी निघून जाऊन लोहाची संयुगे घट्ट बांधली गेल्यामुळे. लोकभाषेतील नामकरण हे बहुधा निरीक्षणच असते. त्यामागील कारणमीमांसा मात्र तीत नसते.

शास्त्राने असे शब्द वारंवार घेतले आहेत. दख्खनच्या अग्निजन्य खडकांना 'ट्रॅप' म्हणतात तो शब्द स्वीडिश भाषेतील 'पायरी' या अर्थाच्या शब्दावरून आला. काळ्या मातीसाठी भूशास्त्रीय ग्रंथांत दीर्घकाळ रूढ असलेला 'रेगूर' हा शब्द तेलुगूतील 'रेगडि'शी जोडला जातो. 'कंकर' आणि 'मुरुम' हे शब्द तर अभियंत्यांच्या इंग्रजी अहवालांतून आजही बिनदिक्कत वावरतात. 'शेडी'चेही तसेच. दक्षिण कन्नड जिल्ह्यात जांभ्याखालच्या या पांढऱ्या मातीला हेच नाव आहे, आणि मृदा-अभियांत्रिकीच्या इंग्रजी शोधनिबंधांत ते मंगळूर भागातील मातीसाठी रूढ झाले आहे. गणपतीच्या मूर्तींसाठी आपण जी 'शाडू' वापरतो तिच्या नावाचेही शेडीशी साम्य लक्षात येण्याजोगे आहे. व्युत्पत्ती ठरविण्याइतका पुरावा मजजवळ नसल्याने साम्यापाशीच थांबतो. सांगावयाचे ते एवढेच की, जो शब्द मंगळूरच्या अभियंत्याने इंग्रजीत लिहिला तर परिभाषा ठरतो, तोच देवगडच्या विद्यार्थिनीने मराठीत लिहिला तर अपरिभाषित ठरतो.

मराठीच्या बाजूनेही साहित्य अगदीच नव्हते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. कँडी बंधू व अनेक पंडित यांच्या साहाय्याने झालेल्या या कोशात कोकणातील जमिनीचे, पाण्याचे, किनाऱ्याचे शेकडो शब्द आहेत. खाजण, पुळण, वरकस, कुणगा, वहाळ अशा शब्दांनी भूरूपांचे किती सूक्ष्म भेद दाखविले जातात हे भूगोलाच्या अभ्यासकाने एकदा तरी पाहावे. पुढे मराठी विश्वकोशातील भूविज्ञानाच्या अनेक नोंदी ज्यांनी लिहिल्या ते प्रा. क. वा. केळकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापक. विश्वकोशाने 'जांभा' हा शब्द टाकून त्याजागी संस्कृत संज्ञा घडविली नाही, ही मोठीच सुबुद्धी म्हटली पाहिजे.

कोकणच्या भूशास्त्रीय पाहणीचा इतिहास येथे संक्षेपाने सांगतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ ची. दक्षिण कोकणच्या भूरचनेची रूपरेषा सी. जे. विल्किन्सन याने १८७१ मध्ये सर्वेक्षणाच्या 'रेकॉर्ड्स'मध्ये दिली. रॉबर्ट ब्रूस फूट याचा दक्षिण महाराष्ट्राविषयीचा मोठा प्रबंध १८७६ चा. रत्नागिरी व सावंतवाडी यांचे गॅझेटियर १८८० मध्ये निघाले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे तत्पूर्वीच्या सर्व अहवालांत देवगड हे रत्नागिरी जिल्ह्याखाली शोधावे लागते. नवे विद्यार्थी येथे हमखास चुकतात. देवगड तालुक्यात दख्खनच्या असिताश्मावर जांभ्याचे आवरण आहे. मालवण-कणकवलीकडे दक्षिणेस व आग्नेयेस जावे तसतसे असिताश्माखालील फार प्राचीन खडक, कलादगी समूहाचे वालुकाश्म व क्वार्ट्झाइट, पट्टिताश्म इत्यादी उघडे पडतात. कासार्ड्याची सिलिका वाळू याच बाजूची. म्हणजे एका आठवड्याच्या सहलीत विद्यार्थ्याला पृथ्वीच्या इतिहासाचे अतिशय दूरदूरचे कालखंड ओलांडता येतात, आणि कदाचित म्हणूनच तो कोठेही दोन दिवस थांबत नाही.

जांभ्याखालील मातीत वनस्पतींचे अवशेष सापडतात हे रत्नागिरीजवळ एकोणिसाव्या शतकातच आढळले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील या कार्बनयुक्त मातीतील परागकणांचा अभ्यास झाला आणि 'सिंधुदुर्ग शैलसमूह' असे नाव देण्यात आले. हे निक्षेप मायोसीन युगाचे मानले जातात. आज जेथे कातळावर गवताच्या काड्यांखेरीज काही दिसत नाही, तेथे एके काळी दाट सदाहरित अरण्य व खाडीकाठचे कांदळवन होते, असे ते परागकण सांगतात. येथेही पहिला शोध विहिरी व खोदकाम यांतून लागत आला आहे. विहीर खणणारा मनुष्य काळी माती, कुजकट लाकूड, राळेसारखा खडा वर काढतो व बाजूला टाकतो. तो ढीग पाहणारा कोणी असला तर त्याची विद्या होते, नसला तर पावसात वाहून जाते.

निरीक्षण हे पदवीनंतरचे कार्य आहे, पदवीपूर्वी केवळ पाठांतर करावे, ही समजूत आपल्याकडे कोठून आली कोण जाणे. मराठी परंपरेत तरी ती जुनी नाही. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकर यांचे जन्मगाव. (त्यांच्या आडनावाचा जांभ्याशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण गावांच्या नावांत जांभ हे झाडही असते, तेव्हा तो आवरलेला बरा.) ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' काढले हे सर्वांस ठाऊक आहे, १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढून भूगोल, पदार्थविज्ञान आदी विषय मराठीत आणले हे तितके स्मरणात नाही. ते एल्फिन्स्टन संस्थेत गणित व ज्योतिष शिकवीत आणि कुलाबा वेधशाळेचा कारभारही काही काळ त्यांच्याकडे होता. याच वर्तुळातील केरो लक्ष्मण छत्रे हे १८४० च्या सुमारास, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, कुलाबा वेधशाळेत चुंबकीय व हवामानविषयक वेध घेऊ लागले. मुंबई विद्यापीठ त्यानंतर सतरा वर्षांनी, १८५७ मध्ये स्थापन झाले. पदवी देणारी संस्थाच अस्तित्वात नव्हती, तेव्हा एक मराठी मुलगा रोजच्या रोज वेध घेऊन तो नोंदीत उतरवीत होता. पदवीपूर्व संशोधनाचे याहून चोख उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

भूशास्त्रात असेच उदाहरण दाराशा नौशेरवान वाडिया यांचे. सुरतेत जन्मलेले, बडोद्यास शिकलेले वाडिया १९०७ मध्ये जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात अध्यापक झाले. भूशास्त्र शिकविण्यास भारतीय खडकांवरील सोयीचे पुस्तक नव्हते; म्हणून त्यांनी शेजारच्या शिवालिक टेकड्यांनाच पाठ्यपुस्तक केले आणि शेवटी १९१९ मध्ये 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' हा ग्रंथ विद्यार्थ्यांसाठी लिहिला. त्याच्या आवृत्त्या पुढे अनेक दशके निघत राहिल्या. सर्वेक्षणात ते दाखल झाले ते नंतर, १९२१ मध्ये. ग्रंथ अध्यापनातून निघाला, अध्यापन टेकडीवरून.

स्थानिक शब्दाची एवढी बाजू घेतल्यावर एक सावधगिरीची सूचना देणे प्राप्त आहे, आणि तिचे उदाहरणही देवगड तालुक्यातच आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून जागा दाखवितात व १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने तेथून हेलियमचा शोध लावला असे सांगतात. त्या वर्षी १८ ऑगस्टला ग्रहण झाले व त्याचा पट्टा या भागावरून गेला हे खरे. परंतु तेव्हा झान्सेन हा फ्रेंच ज्योतिषी गुंटूर येथे होता, आणि नॉर्मन लॉकियर याने सूर्याच्या कडेवरील ती पिवळी रेषा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय पाहिली. लॉकियर विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या वेळी 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेवरील खलाशांना शिकवून त्याने निरीक्षणाच्या कामी लावले. कोणी घटका मोजल्या, कोणी प्रभामंडलाची चित्रे काढली. मला स्वतःला हा खरा प्रसंग आख्यायिकेपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. खलाशांना ज्योतिष येत नव्हते. पण काय पाहावे व कसे नोंदवावे हे नेमके सांगितल्यावर त्यांची नोंद शास्त्राच्या कामी आली. ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरे. फक्त वर्ष आणि शोध यांची गल्लत झाली आहे.

शब्द आणि आख्यायिका यांत हा भेद केला पाहिजे. शब्द रोजच्या कामात घासला जातो. चुकीचा असला तर विहीर कोरडी जाते किंवा चिरा फुटतो. आख्यायिका कोणी तपासत नाही. तरीही शब्दांतही फसगत असतेच. 'कातळ' हा शब्द घ्या. देशावरून आलेल्या विद्यार्थ्याला कातळ म्हटले की काळा असिताश्म दिसतो. देवगडच्या बागायतदाराच्या तोंडी कातळ म्हणजे जांभ्याचे माथ्यावरील कठीण कवच, जे फोडून त्याने हापूसचे कलम लावलेले असते. दोन वह्यांत एकच शब्द, खडक दोन. 'सडा' हा शब्दही असाच. मराठीत 'सडा' म्हणजे एकटा, पाश नसलेला, उघडाबोडका. त्याच अर्थावरून उघड्या कातळपठाराला सडा म्हटले असावे असे वाटते, परंतु हे अनुमान आहे. विद्यार्थ्याने शब्द टिपावा तो बोलणाऱ्याचा व्यवसाय, गाव आणि समोर दाखविलेला खडक यांसह. एरवी नुसती शब्दांची यादी होते.

हे सारे आताच सांगण्याचे कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदवी-अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प हा श्रेयांकांचा घटक झाला आहे, आणि चौथ्या वर्षाच्या संशोधन-पदवीत स्वतंत्र प्रकल्प आवश्यक आहे. म्हणजे पूर्वी जे काम मोजके हौशी विद्यार्थी करीत ते आता सर्वांकडे आले. दुसरीकडे चिरेखाणींतून यंत्राची पाती फिरू लागली आहेत. पहार-टिकावाने चिरा काढणारा कामगार दगडाचा प्रत्येक कणा ओळखून त्याला नाव देई; यंत्राला मऊ जांभा व कठीण जांभा सारखाच. जे शब्द बुकॅननसारख्याला रस्त्यात मिळाले ते पुढील पिढीतील विद्यार्थ्याला मिळतीलच असे नाही. सड्याचेही तेच. कोकणातील कातळशिल्पे याच जांभ्याच्या कवचावर कोरलेली आहेत. २०२२ मध्ये त्यांतील नऊ स्थळे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत सिंधुदुर्गातील एकच, मालवण तालुक्यातील कुडोपी. तेथील जागेला गावकरी 'बाहुल्यांचे टेंब' म्हणतात. अभ्यासकांनी कातळशिल्प हा शब्द रूढ करण्यापूर्वीच त्या टेकडीच्या नावात आकृत्यांची नोंद झालेली होती. ते नाव नकाशात उतरवून घेणारा कोणी असता तर शोध कितीतरी आधी लागला असता.

त्या विद्यार्थिनीची वही परत करताना मी तिला शब्द न खोडता समासात शास्त्रीय संज्ञा लिहावयास सांगितले. 'मऊ'पुढे तिने ठिपक्यांचा थर असे लिहिले, 'शेडी'पुढे लिथोमार्ज, 'काळवत्री'पुढे असिताश्म. 'कातळ'पुढची जागा तिने रिकामी ठेवली. विचारले तेव्हा म्हणाली, विहिरीवरच्या आजोबांनी तो शब्द दोनदा वापरला होता, आणि दुसऱ्या वेळी त्यांचे बोट समुद्राकडच्या काळ्या खडपाकडे होते. पुन्हा जाऊन विचारल्याशिवाय ती तेथे काही लिहिणार नव्हती.